दहा मोजेपर्यंत

"मोळे, पोरी गं, खालून उचल. मुंडू सोडायचं नाही," अकरा नंबरच्या खाटेवर पालथी पडलेली म्हातारी म्हणाली, आणि शोशाम्मा टीचरच्या डाव्या बुटातलं पाऊल गार पडलं. खरं तर ती दोन दिवस याच वाक्याची वाट बघत होती. कोट्टयमच्या त्या मिशन हॉस्पिटलचा बायकांचा वॉर्ड, सकाळचे साडेनऊ, नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा. खाटेपाशी ट्रे घेऊन उभी जिन्सी, टीचरच्या मागे भिंतीला टेकून आपली पाळी यायची वाट बघणाऱ्या चौघी मुली, टीचरच्या हातात गुण द्यायचं पॅड. सगळं दरवर्षीसारखं. फक्त यंदा अकरा नंबरच्या खाटेवरच्या कागदावर नाव होतं एलीश्वा चांडी, वय शहात्तर, रक्त कमी. परवा ते नाव वाचताना टीचरनं चष्मा काढून पुसला होता, पुन्हा वाचलं होतं, आणि संध्याकाळी खोलीवर जाऊन परीक्षेची यादी पुन्हा लिहिली होती. आधीच्या यादीत अकरा नंबर शैनीकडे होता. शैनी खमकी, पेशंटच्या नातेवाइकांनाही दटावणारी. नव्या यादीत तिथे जिन्सीचं नाव आलं.

जिन्सीचं अक्षर मोत्यासारखं, पाठांतर चोख. पण समोरच्यानं आवाज चढवला की तिचं सगळं पाठांतर पातळ होई. मेसमधल्या स्वयंपाकिणीनं "मासे संपले" म्हटलं की ही पातेल्यात न डोकावता नुसत्या आमटीवर जेवून उठायची. अशा मुलीला एलीश्वा काय सांगेल आणि ती काय करेल, हे शोशाम्माला यादी लिहितानाच ठाऊक होतं. ठाऊक असूनच लिहिली. बत्तीस वर्षांच्या नोकरीत तिनं एकाही यादीत काळंबेरं केलं नव्हतं, आणि या यादीत केलं तेव्हा तिला काहीच वाटलं नाही. उलट झोप छान लागली.

"मागच्या निऱ्या सुनेनं सकाळी घातल्यात," एलीश्वा उशीत तोंड ठेवून बोलत होती. "तिला धड येत नाहीत, अर्धा तास लागतो बाईला. सोडल्यास तर पुन्हा कोण घालणार, तू? खालून उचल, हवं तेवढं दिसेल. मी चाळीस वर्षं अशीच दिली इंजेक्शनं. अख्ख्या डोंगरात विचार."

जिन्सीनं टीचरकडे बघितलं. परीक्षेत टीचर बोलत नाही, मानही हलवत नाही, हे मुलींना माहीत असतं. पेशंटला इजा होणार असेल तरच हात धरायचा, एरवी भिंत व्हायचं. शोशाम्मा भिंत झाली. जिन्सीनं कमरेला गुंडाळलेलं मुंडू खालून वर सारलं. पिंढऱ्या दिसल्या, मांड्या दिसल्या, मग खालचा अर्धा भाग. वरचा अर्धा जाड पांढऱ्या कापडाच्या आणि त्या निऱ्यांच्या पंख्याखाली तसाच झाकलेला राहिला. जुन्या सिरियन ख्रिस्ती बायका तो पंखा मागे खोचतात तोच मुळी हा भाग कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून.

आणि इथेच तर सगळं होतं. दरवर्षी पहिल्या तासाला शोशाम्मा हेच घोकून घेई. कुल्ल्याचे मनातल्या मनात चार भाग करायचे, वरच्या बाहेरच्या भागात सुई द्यायची. एवढं तर वॉर्डातली झाडूवालीही सांगेल. पण चार भाग कशाचे? सगळ्याचे. कमरेच्या हाडापासून खाली मांडीच्या घडीपर्यंत. लाजेखातर अर्धंच उघडं केलंत, तर डोळा त्या अर्ध्याचेच चार भाग करतो, आणि त्यातला वरचा बाहेरचा म्हणून जो तुम्ही निवडता तो निघतो बरोबर मधला, जिथून करंगळीएवढी जाड नस पायात उतरते. म्हणून डोळ्यावर विसंबायचं नाही, हाडावर विसंबायचं. मागचं हाड बोटानं शोधा, बाजूचं हाड शोधा, दोन्हींमध्ये रेघ धरा, रेघेच्या वर आणि बाहेर राहा. हाड सापडेपर्यंत सुईचं टोपण काढायचं नाही. मुली पाठीमागे तिला 'हाडवाली टीचर' म्हणत. तिला ते माहीत होतं आणि आवडतही होतं. कुवेतच्या, जर्मनीच्या दवाखान्यांत तिच्या हाताखालून गेलेल्या कितीतरी पोरी आज अनोळखी माणसांच्या कमरेची हाडं चाचपत होत्या, आणि त्यातल्या एकीलाही ठाऊक नव्हतं की टीचर डाव्या पायात नेहमी घोट्यापर्यंतचा बूट का घालते. पोलिओ, असं सगळ्या धरून चालल्या होत्या. तिनंही कधी नाही म्हटलं नाही.

जिन्सीनं स्पिरिटचा बोळा घेतला. मधून बाहेर, गोल गोल. रीत बरोबर, जागा चुकीची. बोळा जिथून फिरायला सुरुवात झाली त्या बिंदूकडे शोशाम्मा बघत राहिली. तो बिंदू तिला आपल्या स्वतःच्या अंगावर डोळे मिटूनही दाखवता आला असता. स्पिरिटचा वास आला आणि त्याच्या मागोमाग मुंडक्कयमच्या वरच्या मळ्यातल्या घराचा वास आला, चुलीवर स्टीलच्या डबीत उकळणाऱ्या सुईचा, ओल्या लाकडाच्या धुराचा. तेव्हा ती नऊ वर्षांची होती, आठवडाभर हिवतापानं फणफणलेली. एलीश्वा मिडवाइफ छत्री टेकत डोंगर चढून आली होती. पांढरी साडी, छातीवर पिनेनं लटकवलेलं घड्याळ. कुनैनचं इंजेक्शन. खोलीत अंधार, म्हणून दार उघडं ठेवलेलं; आणि दाराबाहेर ओसरीवर तिचा बाप वर्की अप्पन, त्याचा भाऊ आणि चर्चचा घंटावाला असे तिघे विड्या ओढत बसलेले. पुरुष समोर असताना पोरीच्या परकराची नाडी सोडायची नसते. अम्मानं तिला मांडीवर पालथं घातलं आणि परकर खालून उचलला, हवा तेवढाच. एलीश्वा वाकली तसं ते घड्याळ शोशाम्माच्या कानाशी येऊन लोंबकळलं. टिक टिक. "हलू नकोस हं," एलीश्वा म्हणाली. टिक. सुई गेली, ती नुसती टोचली. टिक. आणि मग पायातून वीज गेली, मांडीच्या मागून पार अंगठ्यापर्यंत, पांढरी वीज. आणि मग ती उडाली.

आधी वीज, मग उडी. एवढंच. त्रेचाळीस वर्षं या दोन गोष्टींचा क्रम ती मुठीत धरून बसली होती. कारण आठ दिवसांनी, ताप उतरल्यावर, पोर उभी राहिली तेव्हा डावं पाऊल वर होईना, चालताना बोटं जमिनीवर घासू लागली. एलीश्वानं येऊन पाऊल हातात घेतलं, खाली ठेवलं, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन अम्माला सांगितलं, "चेडत्ती, पोर हलली. सुई आत असताना हलली. मी तरी काय करू?" अम्माचा विश्वास बसला. का बसू नये? डोंगरात औषध आणणारी ती एकटी होती. अम्मानं पुढच्या रविवारी तिला फणसाचे गरे पाठवले, पोरीनं तिला त्रास दिला म्हणून. गरे नेऊन द्यायला शोशाम्मालाच पाठवलं. ती पाय घासत गेली, टोपली दिली, आणि एलीश्वा तिच्या गालावर थोपटून म्हणाली, "पुढच्या वेळी हलायचं नाही हं." शोशाम्मा जे काही विसरली नव्हती त्यात तिच्या मते सगळ्यात विषारी होतं ते हे थोपटणं. त्या हाताला पावडरचा वास होता.

पुढे 'हलली' हा शब्द घरातल्या भांड्यासारखा झाला, रोजच्या वापरातला. मुलगा बघायला आला की त्याची आई पावलाकडे बघे, आणि शोशाम्माची अम्मा लगबगीनं सांगे, "जन्माचं नाही हो, लहानपणी इंजेक्शन घेताना हलली." म्हणजे जणू दोष रक्तात नाही, नुसता स्वभावात आहे. माणसं चहा पिऊन जात. नर्सिंगला घेताना ननबाईंनी विचारलं तेव्हाही अम्मानं तेच सांगितलं. जर्मनीहून माणसं मुली निवडायला आली तेव्हा तिच्या वर्गातल्या अकराजणी गेल्या, आणि डॉक्टरांनी हिच्या कागदावर आडवी रेघ मारली. त्या निघाल्या त्या रात्री बसस्टँडवर अकराजणींना निरोप द्यायला ती गेली होती. सगळ्या रडत होत्या, ती एकटीच हसत होती, कारण रडलं तर थांबता येणार नाही हे तिला कळलं होतं. अम्मा मरताना, बोलणं जवळजवळ बंद झालं होतं तेव्हा, एकदा तिच्या पावलावर हात ठेवून म्हणाली, "जरा पडून राहिली असतीस तर, मोळे." त्यानंतर दोन दिवसांनी ती गेली. शोशाम्माला तिला सांगायचं होतं ते राहूनच गेलं. आणि सांगायचं तरी काय होतं? आधी वीज, मग उडी. पण अलीकडे, पन्नाशी उलटल्यावर, पहाटे अर्धवट जागेपणी तिला घड्याळाची टिकटिक ऐकू येई आणि कधी कधी क्रम उलटा व्हायचा. आधी उडी. मग वीज. ती दचकून उठून बसे. इतक्या लोकांनी इतकी वर्षं सांगितलं, सख्ख्या आईनं मरताना सांगितलं, तर ते खोटं कसं असेल? या शंकेबद्दल एलीश्वाला माफ करणं तिला पायाहूनही अवघड होतं. पाय तर नेलाच. पण तो कुणी नेला याची खात्रीसुद्धा त्या बाईनं तिच्याकडे ठेवली नाही.

"एकाचंही वाकडं झालं नाही माझ्या हातून," एलीश्वा सांगत होती. जिन्सी सिरिंजमध्ये औषध भरत होती. लोहाचं औषध, काळपट तपकिरी, काढ्यासारखं. "शेकडो दिली. फक्त एक पोरगी होती वर्कीची. ती हलली."

मागच्या मुलींपैकी कुणीतरी उगाच "च्च" केलं. शोशाम्माला वाटलं आपला चेहरा सगळ्यांना दिसत असेल. पण भिंतीचा चेहरा कोण बघतं? तिनं फक्त जिन्सीच्या उजव्या हाताकडे बघितलं. टोपण निघालं. अंगठा आणि दोन बोटं, भाला धरल्यासारखी, अगदी शिकवल्याबरहुकूम. आता शोशाम्मानं काही करायचं नव्हतं. नुसतं उभं राहायचं होतं. खिडकीबाहेर चिंचेवर कावळे होते, खाली बसचे कंडक्टर 'पाला, पाला' असं गावाचं नाव ओरडत होते, कुणीतरी व्हरांड्यात जिऱ्याच्या गरम पाण्याची किटली ठेवली होती. दोन सेकंद. म्हातारीच्या पायातून पांढरी वीज जाईल, अंगठ्यापर्यंत. मग कळेल तिला. मग ती उडेल.

मग ती उडेल, आणि मग? इथे शोशाम्माचं मन अडलं. दयेनं नाही, दया तिच्या आसपासही नव्हती, आणि ती असल्याचं सोंगही तिनं नंतर कधी आणलं नाही. तिला दिसलं ते एवढंच, की जिन्सी थरथरत रिपोर्ट लिहायला बसेल आणि आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहील, 'सुई आत असताना पेशंट हलली.' सगळे मान डोलावतील. म्हातारी स्वतः शपथेवर सांगेल, हो बाई, माझंच चुकलं, हलले मी. तो शब्द पुन्हा एकदा खरा ठरेल, शिक्क्यानिशी. आणि आणखी चाळीस वर्षं ही भित्री पोर कुठल्याशा देशात सांगत फिरेल, एकाचंही वाकडं झालं नाही माझ्या हातून. म्हणजे हा सूडसुद्धा एलीश्वाच्याच पदरात पडणार होता.

"थांब," टीचर म्हणाली.

जिन्सीचा हात हवेतच थिजला. परीक्षेत टीचरचा आवाज म्हणजे नापास. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"रडू नकोस. तुझी चूक मला परवापासून माहीत होती," शोशाम्मा म्हणाली. जिन्सीला यातलं काही कळलं नाही. "सिरिंज इकडे दे. सुई बदलून दे, मोठी. आणि तुम्ही चौघी, पुढे या. डोळे उघडे ठेवा."

तिनं हात धुतले, खाटेशी आली आणि म्हातारीच्या कमरेशी खोचलेल्या निऱ्या एका हिसक्यात सोडल्या.

"अय्यो! कोण ती?" एलीश्वा मान वळवायला धडपडू लागली. "निऱ्या सोडल्या! बारा होत्या, मोजून बारा!"

"बाराच्या तेरा घालून देईन, अम्मच्ची. पडून राहा. पायाचे अंगठे आत वळवा, एकमेकांकडे. स्नायू सैल पडतो." आणि मुलींना, "पूर्ण उघडं. लाज पेशंटला वाटेल, तुम्हाला वाटता कामा नये. पडदा ओढा, दार लावा, बाहेरच्या बाप्यांना हाकला, पण पूर्ण उघडं करा. हे मागचं हाड. हात लाव, जिन्सी. सापडलं? हे बाजूचं. या दोघांमधली रेघ. आता जिन्सी, तुझा बोळा कुठे फिरला होता ते दाखव."

जिन्सीनं बोट ठेवलं. रेघेच्या चांगलं चार बोटं खाली, आणि आत. चौघींपैकी शैनीनं तोंडावर हात ठेवला.

"तिथे काय आहे?"

"नस," जिन्सी कुजबुजली.

"मोठ्यानं. अम्मच्चींना ऐकू येऊ दे."

"पायाची नस, टीचर."

शोशाम्मानं नवी जागा पुसली, स्पिरिट वाळेपर्यंत थांबली. डाव्या हाताच्या कडेनं कातडी एका बाजूला ओढून धरली. लोहाचं औषध कातडीखाली सांडलं तर डाग जन्मभर जात नाही, म्हणून कातडी ओढून आत द्यायचं आणि सुई काढल्यावर कातडी सोडायची, की आतली वाट आपोआप बंद होते. मनगट तिनं म्हातारीच्या अंगावर टेकवलं. सरळ, एका दमात, सुई पूर्ण आत. दट्ट्या थोडा मागे, रक्त नाही. मग सावकाश, अगदी सावकाश, काळपट औषध आत. पिचकारी रिकामी झाली. "आता सुई काढायची नाही," ती म्हणाली. "दहा मोजायचे. औषध मुरू द्यायचं. एक."

या दहा आकड्यांत बोलायचं नसतं. पेशंट दचकेल असं काही तर मुळीच बोलायचं नसतं. हे तिनं बत्तीस वर्षं शिकवलं होतं आणि आताही तिला ते अगदी स्वच्छ आठवत होतं.

"दोन. तीन." ती खाली वाकली, तिचं तोंड म्हातारीच्या कानाशी आलं. "चार. एलीश्वा मिडवाइफ, मी मुंडक्कयमच्या वर्कीची शोशाम्मा."

म्हातारी उडाली. नुसती दचकली नाही, उडाली. अख्खी खाट करकरली, ट्रेमधली कात्री खाली पडली, जिन्सी किंचाळली. शोशाम्माचं मनगट म्हातारीच्या अंगाबरोबर वर गेलं आणि अंगाबरोबर खाली आलं. सुई होती तिथेच राहिली. "पाच," ती म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटला, त्यात मजा होती. "सहा. सात. आठ. नऊ. दहा." सुई गेली तशीच सरळ बाहेर आली. कातडी सुटली. रक्ताचा थेंबही नाही. बोळा टेकवला, चोळला नाही.

"उताणं व्हा," ती म्हणाली. मुलींनी म्हातारीला वळवलं, मुंडू सारखं केलं. एलीश्वाचा चेहरा सुरकुतला होता, डोळे विझत आलेले, पण ओळख त्यात पुरती पोचली होती. आता त्या हातांना पावडरचा नव्हे, तेलाचा वास येत होता. "डावं पाऊल वर करा. बोटं आपल्याकडे ओढा."

भेगाळलेलं पाऊल उठलं. बोटं सहज मागे वळली.

"खाली. पुन्हा वर." पुन्हा झालं. "बघा गं सगळ्यांनी. जिन्सी, रिपोर्ट तू लिही. लिही, सुई आत असताना पेशंट हलली. चांगली उडाली. पुढे लिही, पाऊल व्यवस्थित वर होतं." तिचा स्वर मध्येच फाटला, तिनं तो आवरला नाही. "जागा बरोबर असेल तर पेशंट नाचू दे. हलल्यानं पाय जात नाही. लिहिलंस? अधोरेखित कर."

मुलींना वाटलं, टीचर शिकवतेय. एकट्या एलीश्वाला कळत होतं. तिनं मान कलती करून शोशाम्माच्या बुटाकडे बघितलं. मग ती म्हणाली, "शोशाम्मा, त्या दिवशी तू हललीस की नाही, ते मी बघितलंच नव्हतं. मी दाराकडे बघत होते. ओसरीवरून कुणी आत बघत तर नाही ना म्हणून."

"मग अम्माला का सांगितलंत?"

"काहीतरी सांगायला हवं होतं, मोळे."

म्हणजे तिनं बघितलंच नव्हतं. आधी वीज की आधी उडी, या जगात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि आता ते ठाऊक असायची गरजही उरली नव्हती. उडी आधी असती तरीही पाय उडीनं गेला नव्हता. शोशाम्माच्या छातीतून काहीतरी सुटलं. ते हलकं नव्हतं. अम्माला हे आता कोण सांगणार होतं? सोमवारी चर्चच्या मागच्या आवारात जाऊन तिच्या थडग्याच्या दगडाला सांगता आलं असतं, पण दगडानं मान डोलावली नसती.

"पाय दुखतो गं," एलीश्वा म्हणाली. "माफ कर मला."

शोशाम्मानं पॅड उचललं, जिन्सीच्या नावासमोर गुण लिहिले, पास होण्यापुरते, आणि पुढच्या खाटेवर जाऊन शैनीला सुरुवात करायला सांगितली. बूट फरशीवर घासत होता, नेहमीसारखा. अकरा नंबरवर म्हातारीचं पाऊल अजून वरच होतं, थरथरत, बोटं आपल्याकडे ओढलेली. ते खाली ठेवायला टीचरनं सांगितलं नव्हतं.